उताराचा इतिहास : बंडीपासून ट्रॉलीपर्यंत



कापूस वेचणीला रंग चढला की आपल्या झरी जामणी तालुक्यातल्या रस्त्यांवर ट्रॉल्याच ट्रॉल्या दिसतात. मुकुटबनकडं जा, पाटणकडं जा, नाहीतर शिबला-माथार्जुनकडं. ट्रॉलीवर कापूस, कापसावर ताडपत्री, अन् ताडपत्रीवर घरी निघालेल्या बाया-माणसं. म्हणून आज पिकाचं लिहीत नाही. माल वाहण्याचं लिहितो, अन् त्यातही चढ-उतारावर माल कसा वाहत आलो त्याचा इतिहास.

आपल्याकडं सह्याद्रीसारखा मोठा घाट नाही, हे खरं. पण टेकडीवरचं वावर आहे, पोडावर जाणारी वाट आहे, अन् नाल्यात सरळ उतरून समोर लगेच चढणारे पांदण रस्ते तर गावोगाव आहेत. पैनगंगा ओलांडून आदिलाबादच्या पुढं निर्मलकडं गेलं तर खरा घाट लागतो. माहूरगडाला गेलेल्यांनी चढ पाहिला आहेच. उतार एक किलोमीटरचा असो की शंभर फुटाचा, भरलेल्या ट्रॉलीला तो सारखाच ओढतो.

इतिहास वाचताना एक गोष्ट दिसते. चढावर माल न्यायचा प्रश्न माणसानं प्रत्येक काळात जोर वाढवून सोडवला. बैल वाढवले, इंजिन वाढवलं, हॉर्सपॉवर वाढवली. उतारावर माल धरून ठेवायचा प्रश्न मात्र दरवेळी मागं राहिला, अन् बऱ्याचदा माणसं गेल्यावर सुटला. आपल्या ट्रॅक्टर-ट्रॉलीचा तो अजून पुरता सुटलेला नाही.

१) चाकाच्या आधी

वऱ्हाडातला कापूस दोनशे वर्षांपूर्वी बैलांच्या पाठीवर जायचा. बंजारा समाजाचे तांडे तो न्यायचे. गंगेकाठच्या मिर्झापूरपर्यंत कापूस जायचा, अन् दुसरीकडं घाट उतरून मुंबईकडं. एका बैलाच्या पाठीवर साधारण एक-सव्वा क्विंटल माल. तांड्यात शेकडो बैल, म्हणून एकूण माल मोठा.

या पद्धतीत उताराची भीती कमी होती. ओझं बैलाच्या स्वतःच्या चार पायांवर असतं. बैल पाय रोवतो, थांबतो, वाट पाहून पाऊल टाकतो. मागून त्याला कोणी ढकलत नाही. म्हणून तर नाणेघाटासारख्या दगडी पायऱ्यांच्या वाटेनंही सातवाहनांच्या काळापासून व्यापार चालला.

मग बंडी आली. चांगल्या रस्त्यावर एक जोडी आठ-दहा क्विंटल ओढते, म्हंजे पाठीवर वाहणाऱ्या सात-आठ बैलांचं काम दोन बैल करतात. फायदा मोठा होता. पण चाकासोबत उताराचा प्रश्नही आला. चाक जसं पुढं सहज जातं, तसं उतारावर कोणाला न विचारता जातं.

२) बंडी उतरवायची कशी

जुन्या माणसांना हे सांगायची गरज नाही, नव्या पोरांसाठी लिहितो.

बैल बंडी ओढतो तेव्हा जू मानेवर मागं दाबतं. उतारावर उलटं होतं. भरली बंडी पुढं येते अन् जू शिंगांकडं सरकतं. आता बैलाला ओढायचं नसतं, मागं रेटायचं असतं. बैलाचं अंग त्या कामाचं नाही. म्हणून माणसानं वेगवेगळे उपाय काढले.

एक, चाकाला लाकडाचा ठोकळा दोरीनं आवळायचा, म्हंजे घासून चाक जड होतं. दोन, जास्त उतार असला तर एक चाक साखळीनं किंवा दोरीनं बांधूनच टाकायचं. ते फिरत नाही, घसरत येतं. तीन, मागं लाकडाचा ओंडका बांधून तो फरफटत आणायचा. चार, गाडीवानानं बंडीतून उतरून बैलांपुढं चालायचं. अन् पाच, सगळ्यात साधा, अर्धा माल वर उतरवून ठेवायचा अन् दोन खेपा करायच्या.

चढावर पुढं दुसरी जोडी जुंपायची, अन् मागून एक माणूस हातात गोटा घेऊन चालायचा. बंडी थांबली की चाकामागं गोटा.

माल भरायचंही शास्त्र होतं. मागं जास्त भरला की बंडी उलाळ होते, जू वर उचलतं अन् बैलाच्या गळ्याला फास बसतो. पुढं जास्त भरला की मानेवर भार येतो. चढावर माल मागं कलतो, उतारावर पुढं. गाडीवान हे जाणून भरायचा. हे ज्ञान कुठल्या पुस्तकात नव्हतं, पण ते पक्कं होतं. पुढं ट्रॉलीच्या वेळेस हेच कामी येणार आहे, म्हणून लक्षात ठेवा.

३) बोरघाट : रस्त्याला दिलेला लो गिअर

महाराष्ट्रात जड माल डोंगरावरून नेण्याची सगळ्यात मोठी शाळा म्हंजे पुणे-मुंबई मधला बोरघाट.

इंग्रजांचं सैन्य १७७८ च्या शेवटी पुण्यावर चालून निघालं ते तोफा अन् रसद घेऊन हाच घाट चढलं. तोफा वर चढवण्यात दिवसच्या दिवस गेले. तळेगावपर्यंत पोचल्यावर मराठ्यांनी रसद तोडली. जानेवारी १७७९ मध्ये रातोरात माघार घेताना त्यांनी आपल्या जड तोफा तळेगावच्या तळ्यात टाकल्या. पुढं वडगावला त्यांना तह करावा लागला. जे ओझं मोठ्या कष्टानं वर चढवलं, तेच परतीच्या वेळी गळ्यातला धोंडा झालं.

बोरघाटात गाड्या चालतील असा नीट बांधलेला रस्ता १८३० साली सर जॉन माल्कम मुंबईचा गव्हर्नर असताना खुला झाला. त्याआधी बहुतेक माल बैलांच्या पाठीवर चढत-उतरत होता. रस्ता झाल्यावर गाड्या सुरू झाल्या अन् वाहतूक वाढली.

या रस्त्यानं नवीन काय केलं? डोंगर तोच, उंची तीच. रस्ता वळणावळणाचा केला. अंतर वाढलं, पण चढ मंद झाला. आपण ट्रॅक्टर लो गिअरमध्ये टाकतो तेव्हा हेच करतो. चाक हळू फिरतं, वेळ जास्त लागतो, पण जोर कमी पडत नाही. घाटाला वळणं देणं म्हंजे रस्त्यालाच लो गिअर लावणं.

आजही घाटरस्ते आखताना याच हिशेबानं चालतात. साधारण २० फुटाला १ फूट चढ ठेवायचा, अडचण असली तर १६ ला १, अन् अगदीच नाइलाज असला तर थोड्या लांबीपुरता १४-१२ ला १. आता आपल्या नाल्यात उतरणारा पांदण रस्ता आठवा. जेसीबीवाल्यानं सरळ कापला, झाला रस्ता. तिथं कित्येकदा ८ ला १, १० ला १ उतार भरतो. म्हंजे आपली ट्रॉली जो उतार रोज उतरते, तो मोठमोठ्या घाटांपेक्षा तीव्र असू शकतो.

४) आगगाडीनं दिलेला धडा

अमेरिकेत १८६१ ते १८६५ यादवी युद्ध झालं अन् तिथला कापूस इंग्लंडच्या गिरण्यांना मिळेनासा झाला. वऱ्हाडच्या कापसाचा भाव वाढला. त्याच काळात मुंबईहून रेल्वे आपल्या दिशेनं येत होती. १८६७ साली ती नागपूरला पोचली. आपला जिल्हा तेव्हा इंग्रजी कागदांत 'वूण' म्हंजे वणी या नावानं ओळखला जाई. यवतमाळ हे नाव १९०५ पासूनचं. रेल्वे आली तशी बंडीची वाट लांब पल्ल्याची न राहता बाजारपेठेपर्यंत अन् स्टेशनापर्यंतची झाली.

पण रेल्वेला देशावर यायचं म्हंजे आधी सह्याद्री चढायचा होता. बोरघाटाचा रेल्वेमार्ग १८५६ ला बांधायला घेतला अन् १८६३ ला सुरू झाला. थळघाटाचा १८६५ ला. बोरघाटात सुमारे २५ किलोमीटरमध्ये साडेपाचशे मीटरवर चढ. २५ बोगदे. एका वेळी चाळीस हजारांवर मजूर राबत होते, अन् त्यातले कितीतरी अपघातानं अन् रोगराईनं गेले. हा मार्ग एका धनगरानं, शिंग्रोबानं, दाखवला अशी लोककथा आहे. घाटात त्याचं मंदिर आहे.

या मार्गाचा सगळ्यात तीव्र चढ ३७ ला १. आपल्याला हा चढ वाटणारही नाही, सायकलवरही चढू. पण लोखंडी रुळावर लोखंडी चाक अन् मागं शेकडो टन वजन, तिथं ३७ ला १ म्हंजे जीवावरचं काम.

चढायचा उपाय बंडीसारखाच. जास्तीचं इंजिन जोडायचं. त्याला बँकर म्हणतात, तो आजही गाडीला मागून रेटतो. जुन्या काळी पुढं दुसरी जोडी जुंपायचो, तसंच हे.

उतरण्याचा उपाय मात्र सोपा सापडला नाही. सुरुवातीच्या काळात ब्रेक हातानं पिळायचे असत, अन् ते पिळणारी माणसं गाडीवर वेगळी असत. इंजिनाच्या शिट्टीवर सगळ्यांनी ब्रेक पिळायचे. एकानं उशीर केला की गाडी हातची गेली. कड्यामुळं वळण घ्यायला जागा नव्हती तिथं घाटात एक रिव्हर्सिंग स्टेशन होतं. गाडी तिथं थांबवून इंजिन दुसऱ्या टोकाला लावायचं अन् उलट दिशेनं पुढं जायचं. २६ जानेवारी १८६९ ला उतरणारी गाडी आवरली नाही अन् याच रिव्हर्सिंग स्टेशनावर मोठा अपघात झाला. १९२९ मध्ये नवा मार्ग अन् विजेची इंजिनं आली, तेव्हा हे स्टेशन बंद झालं.

अशा अनुभवातून रेल्वेवाल्यांनी दोन गोष्टी पक्क्या केल्या. त्या आपण नीट समजून घ्यायला पाहिजेत.

पहिली, कॅच सायडिंग. उतारावर मुख्य रुळाला एक फाटा काढतात. तो फाटा वर चढत जातो अन् संपतो. रूळ नेहमी त्या फाट्याकडंच वळवलेले असतात. उतरणारी गाडी आधी पूर्ण थांबली, तरच तिला पुढचा रस्ता मिळतो. थांबली नाही तर ती फाट्यावर चढून आपोआप दमते. म्हंजे नियम असा की, उतारावर जो थांबू शकतो त्यालाच पुढं जाऊ द्यायचं.

दुसरी, तुटल्यावर लागणारा ब्रेक. अमेरिकेत वेस्टिंगहाउस नावाच्या माणसानं १८७० च्या आसपास हवेचा ब्रेक काढला अन् थोड्याच वर्षांत तो सुधारला. या सुधारलेल्या ब्रेकमध्ये पाइपात हवा भरलेली असते तोवर ब्रेक सुटलेला राहतो. डबा तुटला, पाइप फाटला, हवा गेली, की प्रत्येक डब्याचा ब्रेक आपला आपण लागतो. डबा इंजिनापासून सुटला तर तो पळत नाही, थांबतो.

आता आपल्या ट्रॉलीकडं पाहा. हुकाची पिन तुटली तर ट्रॉलीला थांबवणारं काय आहे? बहुतेक ट्रॉल्यांना काहीच नाही. रेल्वेनं हा प्रश्न दीडशे वर्षांपूर्वी सोडवला.

५) ट्रॅक्टर आला, ट्रॉलीचा ब्रेक आला नाही

भारतात बनलेला पहिला ट्रॅक्टर १९५९ साली फरिदाबादला आयशरनं काढला. १९६० नंतर मॅसी फर्ग्युसन मद्रासला, इंटरनॅशनलचा बी-२७५ महिंद्राकडून, पुढं पिंजोरला एचएमटी झेटर अन् १९७४ ला मोहालीचा स्वराज. १९६९ ला बँकांचं राष्ट्रीयीकरण झाल्यावर कर्ज मिळायला लागलं अन् ट्रॅक्टर हळूहळू कोरडवाहू भागातही पोचला.

ट्रॅक्टर बनला नांगरासाठी. त्याची गिअरपेटी वावरासाठी आखलेली. हळू चाल, मोठा जोर. पण वावरात त्याला काम वर्षातले थोडे दिवस. हप्ता तर बारा महिने. म्हणून मागं ट्रॉली लागली. कापूस, खत, गिट्टी, रेती, लग्नाचं वऱ्हाड, सगळं ट्रॉलीत. ट्रॅक्टर कारखान्यातून आला, त्याची तपासणी झाली, त्याचे ब्रेक मोजले गेले. ट्रॉली मात्र बऱ्याच ठिकाणी गावाजवळच्या वेल्डिंगच्या दुकानात तयार झाली. जुन्या ट्रकचा ॲक्सल, चॅनल, पत्रा, डाला, फाळका. ब्रेक लावला तर भाव वाढतो, गिऱ्हाईक मागत नाही, म्हणून लावला नाही.

त्याच सुमारास, १९७२-७३ च्या हंगामापासून राज्यात कापूस एकाधिकार खरेदी सुरू झाली. कापूस केंद्रावरच घालायचा, राज्याबाहेर न्यायचा नाही. केंद्रावर बंड्यांच्या लांब रांगा लागत. पलीकडं भाव जास्त असला की सीमाभागात कापूस रात्री आडवाटेनं पलीकडं जाई. आडवाट म्हंजे नदी-नाल्याचे कच्चे उतार. सरकारी रस्त्याला निदान चढाचा हिशेब असतो, आडवाटेला तोही नाही.

असं करत बंडी गेली अन् ट्रॉली आली. बंडीसोबत ठोकळा, साखळी, ओंडका अन् दोन खेपा हे चारही उपाय गेले. त्यांच्या जागी एकच गोष्ट उरली, ट्रॅक्टरचा गिअर.

६) गिअर उतारावर काय करतो

डिझेल इंजिन हवा दाबतं. एक्सिलेटर सोडला की आत डिझेल जात नाही, पण गाडी गिअरमध्ये असली तर चाकं इंजिनाला फिरवत राहतात, अन् इंजिन हवा दाबता-दाबता अन् आतल्या घर्षणानं चाकांना अडवतं. यालाच आपण 'इंजिनवर गाडी धरणं' म्हणतो.

किती अडवतं ते गिअरवर अवलंबून आहे. ८ पुढचे, २ मागचे गिअर असलेला साधा ट्रॅक्टर घ्या. इंजिन २००० आरपीएमवर, लो पहिल्यात चाल ताशी अडीच किलोमीटर धरा. मागचं चाक एका फेऱ्यात चार मीटर जातं. हिशेब केला तर चाक मिनिटाला दहा फेरे करतं. म्हंजे चाकाच्या एका फेऱ्याला इंजिनाचे २०० फेरे. हाय चौथ्यात ताशी २८ किलोमीटर धरली तर चाकाच्या एका फेऱ्याला इंजिनाचे फक्त १७. म्हंजे इंजिन तेच, पण लो पहिल्यात त्याची पकड हाय चौथ्याच्या दहा-बारा पट. अन् न्यूट्रलमध्ये? शून्य. क्लच दाबलेला असला तरी शून्य.

आता ट्रॉलीचा जोर मोजू. रिकामी ट्रॉली १५ क्विंटल, वर ४५ क्विंटल माल. एकूण ६०. ट्रॅक्टर स्वतः १८ क्विंटल. सगळे मिळून ७८ क्विंटल.

२० ला १ उतारावर हे वजन पुढं ढकलतं : ७८ भागिले २०, म्हंजे जवळपास ४ क्विंटलचा जोर.
१० ला १ उतारावर : ७.८ क्विंटल.

हा जोर अडवायला आहेत फक्त ट्रॅक्टरची मागची दोन चाकं. त्यांच्यावर वजन साधारण ११ क्विंटल. टायर सुक्या डांबरावर आपल्यावरच्या वजनाच्या निम्म्याहून बराच जास्त जोर धरतो, सुट्या मुरमावर निम्म्याच्या आसपास, ओल्या काळ्या मातीवर त्याहून कमी. म्हंजे मुरमावर पाच-साडेपाच क्विंटल. २० ला १ उतारावर भागतं. १० ला १ वर भागत नाही. मुरमात टायर रुततात त्याची थोडी मदत होते, पण तिचा भरवसा नाही.

यातून दोन गोष्टी निघतात. एक, योग्य गिअर हा उतारावरचा पहिला ब्रेक आहे. दुसरी गोष्ट ड्रायव्हर लोक विसरतात. उतार फार तीव्र असला तर गिअर बरोबर असूनही टायर घसरतो. मग ट्रॉली मागून रेटते, ट्रॅक्टर आडवा होतो अन् दोघं अडकित्ता मिटावा तसे एकमेकांवर मिटतात. तिथं जास्त हॉर्सपॉवर कामाची नाही. तिथं जुन्या गाडीवानाचाच उपाय कामाचा, माल कमी करा अन् दोन खेपा करा.

७) उतारावर गिअर का बदलू नये

गिअरपेटीचा इतिहासही इथं पाहायला पाहिजे. जुन्या पेटीत दातेरी चाकं सरकवून एकमेकांत बसवावी लागत. दोघांचा वेग जुळला नाही की कर्र आवाज येतो अन् गिअर बसत नाही. म्हणून जुने ट्रक ड्रायव्हर दोनदा क्लच मारून, मध्ये एक्सिलेटर देऊन वेग जुळवत. मोटारींमध्ये १९२८ पासून सिंक्रोमेश आलं, जे वेग स्वतः जुळवतं. ट्रॅक्टरमध्ये ते खूप उशिरा आलं, अन् आजही आपल्याकडचे कितीतरी ट्रॅक्टर जुन्या पेटीचे आहेत. नव्या ट्रॅक्टरातही हाय-लो बदलायला बहुतेक वेळा पूर्ण थांबावंच लागतं.

आता उतारावर काय होतं ते पाहा. ड्रायव्हर हाय गिअरमध्ये उतरायला लागतो. वेग वाढतो. तो घाबरून खालचा गिअर टाकायला क्लच दाबतो. क्लच दाबला त्या क्षणी इंजिनाची पकड सुटली. ट्रॉली आणखी जोरात येते. गिअर निघाला, पण खालचा आता बसत नाही, कारण चाकाचा वेग वाढलेला. परत आधीचाही बसत नाही. गाडी न्यूट्रल. उरला ब्रेक, तो फक्त ट्रॅक्टरच्या मागच्या चाकांचा, अन् त्यानं सगळं वजन पेलायचं. तो तापतो किंवा टायर घसरतो.

काहीजण डिझेल वाचवायला मुद्दाम न्यूट्रल करतात. पुण्याजवळ नवले पुलाच्या उतारावर २० नोव्हेंबर २०२२ ला एका ट्रकनं समोरच्या गाड्या उडवल्या, चाळीसच्या वर गाड्यांचं नुकसान झालं. आधी सगळे म्हणाले ब्रेक फेल. तपासात पुढं आलं की ब्रेक ठीक होते, उतारावर गाडी न्यूट्रलवर सोडली होती. खरी गंमत म्हंजे गिअरमध्ये एक्सिलेटर सोडून उतरताना डिझेल पंप डिझेल जवळपास बंदच करतो. न्यूट्रलमध्ये इंजिन चालू ठेवायला डिझेल लागतंच. म्हंजे ज्या बचतीसाठी जीव धोक्यात घालतो, ती बचतसुद्धा होत नाही.

८) मग करायचं काय

दोनशे वर्षांचा सगळा अनुभव पिळून हातात राहतं ते एवढं :

• उतार सुरू व्हायच्या आधी, सपाटीवर थांबून गिअर टाका. ज्या गिअरमध्ये तीच भरली ट्रॉली तो चढ चढेल, त्याच गिअरमध्ये उतरा. शंका असली तर एक खाली.

• उतारावर क्लचवर पाय ठेवू नका. न्यूट्रल तर नाहीच नाही.

• इंजिनाचा आवाज वाढायला लागला की ब्रेक थोडा दाबा, सोडा. सारखा दाबून ठेवला की तापतो. अन् रस्त्यावर डावा-उजवा ब्रेक एकमेकांना जोडणारी पट्टी लावलेलीच पाहिजे. एकच पेडल दाबलं गेलं तर ट्रॅक्टर आडवा होतो.

• ट्रॉली भरताना बंडी आठवा. मागं जास्त भरली की उलाळ होते, हूक वर उचलतो, ट्रॅक्टरच्या मागच्या चाकांवरचं वजन जातं अन् पकड सुटते. दोन चाकी ट्रॉलीत माल किंचित पुढं असावा.

• हूक खालच्या ठिकाणीच लावा. वरच्या ठिकाणी ट्रॉली लावून चढ चढला तर ट्रॅक्टर तोंड वर करतो. १९१७ नंतरच्या जुन्या फोर्डसन ट्रॅक्टरांवर मागं उलटून कितीतरी माणसं मेली, अन् हॅरी फर्ग्युसनच्या तीन पॉइंटच्या जोडणीनं ओढीचा जोर असा वळवला की ट्रॅक्टरचं तोंड जमिनीला राहील. पण ही सोय औजारासाठी आहे, ट्रॉलीला ती वाचवत नाही.

• पिनला चाप घाला अन् पिनसोबत एक जाड साखळी बांधा. पिन तुटली तर साखळी धरेल. गरिबाचा वेस्टिंगहाउस तो हाच.

• चढावर थांबायची वेळ आली तर चाकामागं लावायला दोन लाकडी ठोकळे ट्रॉलीत कायम ठेवा. उतरणाऱ्यानं चढणाऱ्याला आधी वाट द्यायची, हा घाटाचा नियम आहे.

• उतारावर ट्रॉलीत माणूस नको. गाडीवान बैलांपुढं उतरून चालायचा, आपण बाया-पोरांना ताडपत्रीवर बसवतो. नाल्याच्या अलीकडं सगळ्यांना उतरवा, पलीकडं चढवा. पाच मिनिटं जातात.

• नवी ट्रॉली बनवताना ब्रेकवाली मागा. जो खर्च तेव्हा जास्त वाटतो, तो एका उलटलेल्या ट्रॉलीपेक्षा कमीच असतो. कृषी विभागाच्या अन् कृषी विज्ञान केंद्राच्या साहेबांना विनंती आहे, औजारांच्या प्रशिक्षणात पेरणी यंत्र, फवारणी यंत्र असतं, तसा अर्धा दिवस ट्रॉलीलाही द्या. ड्रायव्हर पोरं येतील.

शेवटचं अन् महत्त्वाचं, रस्त्याचं. पांदण रस्त्यांच्या कामाला आता सरकारी योजनेतून निधी मिळतो. ग्रामसभेत आपण रुंदी मागतो, मुरूम मागतो. नाल्याच्या दोन्ही काठांना उतार किती ठेवणार हे कोणी विचारत नाही. पुढच्या ग्रामसभेत हा प्रश्न विचारा. सरळ कापण्याऐवजी पन्नास फूट लांबवून तिरपा उतरवला तर १० ला १ चा २० ला १ होऊ शकतो. १८३० साली बोरघाटात हेच केलं होतं, ते आपल्या गावच्या नाल्यावर करायला दोनशे वर्षं लागायला नको.